वीतभर कोरी जागा

बसा असे, दिव्याजवळ. दार उघडंच राहू द्या, वारा काही फार नाही. फक्त चौकटीला टेकू नका, रंग लागेल. आणि आवाज जरा खाली ठेवू. नात आत आहे.

सुरुवात अगदी साधी झाली. एका सकाळी तिने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, आज माझ्याबरोबर कामावर चला. तुमचा तो चपटा ब्रश घ्या, आणि पांढऱ्या रंगाचा लहान डबा. थोडंसंच काम आहे."

मी म्हटलं, "म्हाताऱ्याला मजुरीला नेतेस का?"

"मजुरी म्हणून दुपारचं जेवण देईन," ती म्हणाली. "तेही मीच केलेलं. बघा बाई, परवडतंय का."

मला हसू आलं. या घरात आम्ही दोघंच. तिचे आईबाप गेले तेव्हा ती माझं बोट धरून चालण्याएवढी होती. तिची वेणी मी घातली, तिचे बूट मी पुसले, तापात तिच्या उशाशी मी बसलो. माझ्या आयुष्याला दुसरी कडी नाही. तिलाच काही झालं तर हे दार मी कुणासाठी उघडू, एवढाच एक विचार मी कधी पुरा करत नाही.

ती काम करते ते जुन्या विमानांच्या संग्रहालयात. तिथे एक नवी खोली तयार होत होती. प्लायवूडचं विमान, म्हणजे पुढचा चालकाच्या बसायचा भाग आणि मागची शेपटी, मधलं काही नाही. समोर भिंतभर पडदे, जमिनीखाली आवाजाचे मोठे डबे. माणूस आत बसला, कानाला ते हेडफोन लावले, की तो युद्धातल्या एका संध्याकाळी उडतो. ती संध्याकाळ आमच्या विमानांच्या मैदानावरची. तरुणपणी मी त्या मैदानावर रंगारी होतो. शाळा मी बाहेरूनच पाहिलेली, पण ब्रश सरळ चालायचा, म्हणून मला घेतलं. आता त्या मैदानावर घरं उभी राहिली आहेत. माझ्यासाठी मैदान उरलं होतं ते डोळे मिटल्यावर.

माझी नात बाकी सगळ्यात लोण्यासारखी मऊ, पण कामात भारी हट्टी. त्या संध्याकाळी जी विमानं उडाली तीच पडद्यावर हवीत, दुसरी नकोत. तिच्याबरोबर कॉम्प्युटर सांभाळणारे एक गृहस्थ होते, टक्कल पडलेले, जाड चष्म्याचे, त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत. त्यांचा आणि तिचा यावरून रोजचा खटका.

"बाईसाहेब, हे विमान तयार मिळतंय," ते म्हणायचे. "दोन इंजिनं, पंख, शेपूट, काय कमी आहे?"

"नाकाखाली चाक आहे याच्या. आपल्याला शेपटीखाली हवं. हे युद्ध संपल्यावर आलं. त्या संध्याकाळी हे कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं."

"येणाऱ्यांना काय कळतंय? मुलं येणार, बटणं दाबणार, आणि आईस्क्रीम खायला पळणार."

"मला कळतंय ना," ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

तिच्याजवळ मैदानाचा एक जुना फोटो होता, त्याच संध्याकाळचा, उड्डाणाआधीचा. त्यात सहा विमानं रांगेत स्पष्ट दिसत. ती तिने पुस्तकं चाळून, माणसांना फोन करकरून ओळखून काढली. सातवं मात्र फोटोच्या कडेला कापलं गेलं होतं. दिसत होती ती नुसती शेपटी. शेपटीभोवती पांढरा पट्टा, आणि तो पट्टा तळाशी वीतभर तुटलेला. चष्मेवाले म्हणाले, फोटो खरचटलाय. तिला ते पटेना. तिने फोटो मोठा करून घरी आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"आजोबा, हे काय आहे?"

मी पुष्कळ वेळ बघत राहिलो. तो पट्टा माझ्या हातचा होता.

मग मी तिला आमची रीत सांगितली. तुम्हालाही सांगतो, नीट ऐका. मैदानावर नवं विमान आलं की रंगाऱ्याने त्याच्या शेपटीभोवती पांढरा पट्टा मारायचा, आपलं विमान दुरून ओळखू यावं म्हणून. पण पट्टा पुरा करायचा नाही. तळाशी वीतभर जागा कोरी सोडायची. काम अर्धं राहिलं की त्या विमानाला परत यावंच लागतं, असं जुने लोक मानायचे. पहिल्या उड्डाणावरून ते परतलं, चाकं जमिनीला लागली, की इंजिन गार व्हायच्या आत रंगाऱ्याने धावत जाऊन ती जागा भरायची. आधी भरायची नाही. आधी भरली तर त्याचं इथलं काम संपलं. मग ते कशाला येईल?

"आणि हे?" तिने फोटोवर बोट ठेवलं.

"हे आलं नाही," मी म्हटलं.

 मग मी तिला त्या विमानाची ठेवण सांगितली. लांबट नाक, फुगीर पोट, आम्ही त्याला म्हैस म्हणायचो. बाजूला दोन खिडक्या, असं मी छातीठोक सांगितलं, आणि पुढे तिनेच मला जुनं चित्र दाखवून एकच होती हे पटवलं. माझी आठवण म्हणजे पावसात भिजलेलं पोतं. जात कुठली, साल कुठलं, हे सगळं तिने शोधलं. आमच्या मैदानावर तसलं एकच आलेलं. कॉम्प्युटरचे खेळ बनवणाऱ्या कुणाकडेच ते तयार नव्हतं. महिनाभर खपून त्या दोघांनी ते कॉम्प्युटरवर नव्याने बनवलं, अगदी खिळ्यापर्यंत.

विमानाबद्दल तिने विचारलं, ते मी सांगितलं. माणसाबद्दल तिने विचारलं नाही, म्हणून ते राहिलं. म्हैस चालवणारे साहेब फार उंच होते. दारात कपाळ आपटून आपटून त्यांना सवयच लागली होती, ते सगळीकडे मान वाकवूनच शिरायचे. दार उंच असो, तंबू असो, पंखाखालची मोकळी जागा असो, आधी मान खाली जायची. त्या संध्याकाळी चढण्याआधी ते शेपटीपाशी आले, कोऱ्या जागेकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "डबा उघडा ठेव, रंगारी. आलोच."

मी डबा उघडा ठेवला. रंगावर साय धरली की ती काढून टाकायचो. पुन्हा धरायची. शेवटी डब्यात रंग उरला नाही. हे मी कधी कुणाला बोललो नाही. नातीला नाही, आणि तिच्या आजीलाही नाही.

तर त्या दिवशी आम्ही दोघं संग्रहालयात गेलो. साप्ताहिक सुट्टी होती, लोक नव्हते. बाहेर लख्ख दुपार, आत मात्र दिवे बंद करून ठेवलेले. प्लायवूडच्या शेपटीला हिरवट रंग दिलेला होता. मी पांढरा पट्टा ओढायला घेतला. ब्रश अजून सरळ चालत होता. तळाशी आलो तसा थांबलो.

"पुरा मारू का गं?" मी विचारलं. "खाली वाकून कोण बघणार आहे?"

"आजोबा, तुम्हीसुद्धा?" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "फोटोत आहे तसंच हवं."

मी जागा सोडली. अगदी वीतभर.

चष्मेवाले हसत म्हणाले, "झालं. आता सगळं खरं. नाकापासून शेपटीपर्यंत एक गोष्ट खोटी राहिली नाही."

"सातव्याचं पुढे काय होतं यात?" मी विचारलं.

"काही नाही होत," नात म्हणाली. "त्याचं काय झालं कुणालाच माहीत नाही, मग मी मनाने कशाला रचू? बाकीची सहा आपोआप परततात. सातवं मोकळं ठेवलंय. आत बसेल त्याने परत आणायचं. आज पहिल्यांदा मीच आणते."

ती चणीने लहान. स्टुलावर चढून आत गेली, पाय पोचेनात म्हणून पाठीला उशी घेतली. वरून हात हलवून म्हणाली, "येते हं, आजोबा." मग प्लायवूडचं दार ओढून घेतलं. मी शेपटीपाशी पालथ्या बादलीवर बसलो. डबा माझ्या पायाशी होता. झाकण लावायला घेतलं, आणि का कोण जाणे, तसंच राहू दिलं.

पडद्यावर संध्याकाळ झाली. आमचं मैदान होतं ते. डाव्या हाताला पाण्याची टाकी, पलीकडे वाकडं झाड. जमिनीखालून इंजिनांची घरघर सुरू झाली. एकेक करून सहा विमानं उठली, आणि शेवटी आपली म्हैस जड अंगाने वर गेली. नातीचा आवाज आवाजाच्या डब्यातून येत होता, खुशीत होती. "ढग छान दिसतायत. वळवते आता."

थोड्या वेळाने मला वास आला. आधी वाटलं, माझ्या रंगाचाच. पण तो नव्हता. तापलेलं तेल, रबर, आणि चाकांखाली चिरडलेलं ओलं गवत. खोलीत गालिचा होता, आणि प्लायवूड होतं. गवताचा वास यायला तिथे काही नव्हतं. चष्मेवाल्यांनीही नाक वर केलं. माझ्याकडे पाहिलं. 

पडद्यावर पहिली विमानं परतून उतरू लागली. सहाही आली. मैदानाच्या कडेला रांगेत उभी राहिली, शेवटची जागा रिकामी ठेवून.

"आजोबा..." तिचा आवाज आला. आता त्यात खुशी नव्हती. "मैदानाचे दिवे दिसत नाहीयेत."

"दिवे आहेत बाईसाहेब, चालू आहेत," चष्मेवाले म्हणाले. "तुम्ही ढगात आहात. खाली या."

"खालीच येतेय... ढग संपत नाही." मग जरा थांबून, "इथे थंडी का वाजतेय?"

"पुरे आता," मी म्हटलं. "बाहेर काढा तिला."

"आजोबा..." ती फार हळू बोलत होती, शेजारच्याने ऐकू नये तसं. "इथे कुणीतरी आहे. माझ्या बाजूला. फार उंच आहे... मान वाकवून बसलंय. तोंड दिसत नाही."

चष्मेवाल्यांनी धावत जाऊन दार ओढलं. त्याला साधी खिटी होती, आतून नुसती सरकवलेली. ती हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, अंगाने धक्का दिला, प्लायवूड दगडासारखं उभं. मग ते मागे गेले आणि भिंतीतली जाड वायर उपटून काढली.

पडदे काळे झाले. पंखे थांबले.

इंजिन थांबलं नाही.

ते आता जमिनीखालून येत नव्हतं. छताच्या वर होतं, लांब, आणि फिरत होतं. उतरायला जागा शोधणारं विमान जसं गोल गोल फिरतं, तसं.

"पट्टा, बाबा," चष्मेवाले ओरडले. नातीने त्यांना ती रीत सांगितली होती, तेव्हा ते तिला हसले होते. आता त्यांचा चष्मा नाकावरून घसरला होता. "तो पट्टा भरून टाका. त्यासाठीच आलंय ते. भरा, म्हणजे जाईल."

"आधी भरायचा नाही," मी म्हटलं. "ती वर आहे. आधी भरला तर तीही येणार नाही."

"मग करायचं काय?"

"वाट बघायची."

ब्रश रंगात बुडवून मी शेपटीखाली गुडघे टेकले. आयुष्यभर मला एवढंच चांगलं जमलं आहे, वाट बघणं. पांढरा थेंब ब्रशावरून घरंगळून माझ्या मनगटावर आला. चष्मेवाले दाराला कान लावून तिला हाका मारत होते. आतून उत्तर नव्हतं. वरचं इंजिन फिरत होतं, मग खोकलं, मग आवाज खाली येऊ लागला. खाली, अजून खाली, माझ्या पाठीमागून, डोक्यावरून. मानेवर वारा लागला. आणि धप्प. चाकं टेकली.

मी तरीही थांबलो. म्हैस आधी पुढची चाकं टेकवायची, शेपटीचं चाक मागून लागायचं. ते लागल्याशिवाय उतरली म्हणायची नाही.

मग ते लागलं. खडीवरून लोखंड फरफटत जावं तसा आवाज. खरर्र... त्या आवाजासाठी मी तरुणपणी कान देऊन किती रात्री जागलो होतो. खोटा असता तर मला कळलं असतं.

मी ब्रश टेकवला आणि जागा भरली.

इंजिन थांबलं. तापलेला पत्रा गार होताना टिक टिक वाजतो, तेवढं काही वेळ वाजत राहिलं. मग खिटी आपोआप सरकली, दार उघडलं, आणि माझी नात खाली उतरली. केस विस्कटलेले, चेहरा पांढरा, पण धड होती. मी तिला पोटाशी धरलं. तिचे कपडे ओले होते, दव पडल्यासारखे.  चष्मेवाले जमिनीवर बसून रडत होते.

एवढ्यावर संपलं असतं, तर मी तुम्हाला दिव्याजवळ बसवून घेतलं नसतं.

दोन दिवसांनी चष्मेवाले घरी आले. नात आंघोळीला गेली होती. ते दाराबाहेरच उभे राहिले, आत येईनात.

"बाबा, एक विचारू? तुम्ही ब्रश कधी लावलात?"

"शेपटीचं चाक घासलं तेव्हा."

"तेच," ते म्हणाले. "मीही ऐकलं ते. पण तो आवाज आम्ही घातलाच नव्हता. खराखुरा कुठे मिळाला नाही, आणि बाईसाहेबांना खोटा चालत नव्हता. म्हणून ती जागा मुकीच ठेवली होती."

मनगटावर उरलेला पांढरा डाग मी नखाने खरवडला.

"आणि बाबा... वायर काढली तेव्हा पडद्यावर मी शेवटचं पाहिलं, तर त्यांचं विमान ढगातच होतं. फार वर होतं. इतक्यात उतरणं शक्यच नाही."

ते गेले. त्यांनी ते काम सोडलं असं पुढे कळलं.

मी दारातच उभा राहिलो. नात आंघोळ करून बाहेर आली आणि आतल्या खोलीत गेली. जाताना तिने मान खाली वाकवली. तुम्ही तिला पाहिलंय. आमच्या चौकटीची वरची पट्टी तिच्या डोक्याच्या हातभर वर आहे. मी पाहत राहिलो. ती पाणी घ्यायला आली, मान वाकवून. परत गेली, मान वाकवून.

तेव्हापासून रोज पाहतोय. बाकी सगळं ठीक आहे. जेवते, कामावर जाते, मला औषध देते. चहाही करते, फक्त थट्टा करत नाही. आणि संध्याकाळी परतली की आधी शेल्फावर बघते, माझा डबा कुठे आहे ते.

उतरलं, हे खरं. पण कोण उतरलं? ज्याची चाकं वाजली त्याच्यासाठी मी ती जागा भरली. आणि माझी नात तेव्हा वर होती.

खूप विचार केला मी. शेवटी आपल्या हातात जेवढं आहे तेवढं करावं म्हणून ही चौकट रंगवायला काढली. सगळी पांढरी केली. डाव्या बाजूला, अगदी तळाशी, वीतभर जागा कोरी सोडली. काम अर्धं आहे. तिला यावंच लागेल. उशीर होईल, होऊ दे. डबा मी उघडा ठेवलाय, साय धरली की काढतो.

पण एक होतंय. सकाळी उठून बघतो तर ती जागा भरलेली असते. ओला पांढरा रंग, सरळ हात, एक रेघ बाहेर नाही. मी लावलेला नसतो. ब्रश धुऊन ठेवलेला असतो. मग मी चाकूने लाकडापर्यंत खरवडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली. कुणाला तरी ती परत यायला नकोय.

आज म्हणून मी इथून हललोच नाही. दुपारी खरवडली, आणि तेव्हापासून इथेच बसलोय. मध्ये एकदाच डोळा लागला. तुम्ही आलात तेव्हाच उघडला.

माझी नजर आता दिव्यात चालत नाही. तुम्ही जरा दिवा खाली धरा. डाव्या बाजूला, तळाशी. हळू... ती आत जागी आहे.

बोट लावून बघा.